विचारून थांबणारे आमचे फोरमन

मी आयुष्यात पुष्कळ वरिष्ठ पाहिले. ओरडणारे पाहिले, न ओरडता माणसाचं पाणी करणारे पाहिले, सकाळी हुकूम देऊन दुपारी तो विसरणारे आणि संध्याकाळी तो का पाळला म्हणून जाब विचारणारेही पाहिले. पण हाताखालच्या माणसाला प्रश्न विचारून त्याच्या उत्तराची खरोखर वाट पाहणारा वरिष्ठ मी उभ्या जन्मात एकच पाहिला. ते आमचे फोरमन. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत साताऱ्याहून कराड, सांगली आणि लोणंदकडे प्रवासी मोटारी सोडणारी एक खाजगी सर्व्हिस होती, तिच्या साताऱ्यातल्या कारखान्याचे ते मुख्य. मी त्याच कारखान्यात स्टोअरकीपर होतो. इंटरला दोनदा बसून दोन्ही वेळा तिथंच बसलेला, चोवीस वर्षांचा, आणि चाव्यांचा जुडगा कमरेला लावल्यामुळे स्वतःला बराच मोठा समजणारा.

फोरमन मूळचे वाईचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या घाटावर पूजा सांगण्याचा व्यवसाय. त्यात हे एकटेच मुंबईला पळून जाऊन मोटारींच्या कामात शिरले. घरच्यांनी त्यांचं नाव टाकलं होतं. पण वडिलांच्या घरचा पाण्याचा रहाट मोडला आणि गावातल्या कोणाला तो जमेना, तेव्हा पुन्हा घेतलं, असं ते स्वतः सांगत. अंगाने किरकोळ, रंगाने गोरे, पण तो गोरेपणा ग्रीसखाली कुठं सुरू होतो ते सांगता येत नसे. डोक्याला काळी टोपी, अंगात कोट आणि खाली धोतर, ते गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं. कोटाच्या खिशांना तळ असा नव्हताच. एकदा त्यांना शिंक आली म्हणून रुमाल काढायला गेले, तर आधी तीन वॉशर, सुतळीचं भेंडोळं, सुपारीचं खांड, एका खेळण्यातल्या मोटारीचं चाक आणि अर्धं गाजर बाहेर आलं. रुमाल निघाला नाही. शिंक तोवर विरून गेली होती. त्यांनी सगळ्या वस्तू एकेक करून परत आत ठेवल्या, गाजरसुद्धा.

मी नोकरीवर हजर झालो त्याच दिवशी ते स्टोअरच्या दारात आले. हातात एक वाकडा झालेला बोल्ट होता. तो माझ्यापुढे धरून म्हणाले, "काय हो स्टोअरवाले, याचं काय करावं?" मी म्हणालो, "साहेब, मी आजच आलोय. मला यातलं काही कळत नाही." यावर कोणीही निघून गेला असता. हे तिथल्या खोक्यावर बसले, सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे हो. पाहुण्याच्या घरी चहा येईपर्यंत आपण बसतो तसे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी सुटका व्हावी म्हणून मी म्हणालो, "फेकून द्यावा." त्यांचा चेहरा उजळला. "छान. एक झालं. आता दुसरं?" त्या दिवशी त्या बोल्टाचे मी पाच उपयोग सांगितले. पाचवा होता तो कोट अडकवायची खुंटी करण्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो, तर तो बोल्ट माझ्या टेबलामागच्या भिंतीत ठोकलेला, आणि बाजूला फोरमन उभे. "आपण सांगितलंत तशीच केलीय," ते म्हणाले, "बघा, उंची बरोबर आहे का." आजवर माझं कोणी काही ऐकलं नव्हतं. वडिलांनी तर नाहीच. मी उगीचच म्हणालो, "दोन बोटं खाली हवी." त्यांनी ती काढून दोन बोटं खाली ठोकली.

त्यांच्या एकेक तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्टोअरचं कुलूप काढायला लावलं. मी हबकलो. स्टोअरला कुलूप नाही म्हणजे देवळात देव नाही. एक पत्राकाम करणारा कातड्याचा तुकडा मागायला आला होता आणि मी नियमाप्रमाणे त्याच्याकडे चिठ्ठी मागितली, एवढंच निमित्त. फोरमन म्हणाले, "अहो, चिठ्ठी लिहून सही आणीपर्यंत डोक्यातली गोष्ट थंड होते. मग तो माणूस कातडं नेतो खरा, पण कशाला नेलं ते त्यालाच आठवत नाही." तेव्हापासून दार सताड उघडं. मी महिनाभर दारात बसून चोरांची वाट पाहिली. चोर आले नाहीत. उलट लोक घरी पडलेल्या वस्तू आणून ठेवू लागले. जुन्या सायकलची साखळी, फुटक्या स्टोव्हची टाकी, कोणाच्या तरी आत्याचा अडकित्ता.

शनिवारी दुपारी जेवणानंतर कारखान्यात नेमून दिलेलं काम करायला त्यांची सक्त मनाई होती. ज्याला जे सुचेल ते त्याने करावं. ते याला 'खटपट' म्हणत. "खटपटीची वेळ झाली," असं म्हणत ते फाटकाकडून भट्टीपर्यंत एक फेरी मारत आणि मग कोणाकडेही बघायचं नाही म्हणून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचत बसत. पत्रेवाल्याने त्या वेळात शेंगदाणे भाजायचं फिरतं पिंप केलं. रंगाऱ्याने मोटारीच्या जुन्या हॉर्नपासून दाराची घंटा केली. ती वाजली की गाय हंबरल्यासारखी वाटे आणि शेजारच्या गल्लीतलं वासरू धावत येई. दादू लोहार नावाचा एक म्हातारा कारागीर होता. तो दर शनिवारी खुशाल झोपत असे. मी एकदा फोरमनच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "झोपू द्या. जन्माची झोप राहिलीय त्याची. एकदा भरून निघाली की हात शिवशिवतील." सात शनिवार दादू झोपला. आठव्या शनिवारी उठून त्याने अवजड स्प्रिंगा उचलायला असा एक चिमटा केला, की पुढे चार माणसांचं काम दोघं करू लागले. करून झाल्यावर पुन्हा झोपला.

आणि कोणाची खटपट फसली, की त्याला फोरमनतर्फे चहा. अट एकच. ती कशी फसली ते त्याने सगळ्यांना उभं राहून सांगायचं. सुरुवातीला लोक लाजत. मग हळूहळू त्यातही ऐट आली. "माझी कालची फसगत ऐकलीत का," असं लोक फाटकातच विचारू लागले. एका बेरकी फिटरने नुसत्या चहासाठी एक नळी मुद्दाम वाकडी करून आणली. फोरमननी ती उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "ही बिघडवलेली आहे. चहा बिघडलेल्याला मिळतो." तो फिटर आठवडाभर त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता.

एवढं सगळं करणाऱ्या या गृहस्थांना स्वतःला मोटारीतलं काही कळत नाही, असा कारखान्यात पक्का समज होता. मीही तसंच समजत होतो. एकदा कराडहून आलेली मोटार खोकत खोकत आवारात शिरली. सगळे जेवायला गेले होते. मी स्टोअरच्या खिडकीतून पाहिलं, फोरमन इंजिनाजवळ गेले, मान कलती करून दोन मिनिटं ऐकलं, झाकण उघडलं, आत हात घालून एक वायर दाबली. खोकला थांबला. त्यांनी ती वायर पुन्हा होती तशी सैल केली, झाकण लावलं, आणि फिटर जेवून आल्यावर त्याला विचारलं, "काय रे, ही का खोकते?" फिटरला शोधायला तास लागला. हे त्या तासभर शेजारी उभे. संध्याकाळी मी न राहवून म्हणालो, "साहेब, तुम्हाला ठाऊक होतं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बोलू नका कुठं. मला ठाऊक असून काय उपयोग? रस्त्यात मोटार बंद पडेल तेव्हा तो असणार आहे. मी नसणार."

अशी सगळी मौज चालली असताना पेट्रोलवर नियंत्रण आलं. मोटारींना मिळणारं पेट्रोल इतकं कमी झालं, की निम्म्या गाड्या आवारात उभ्या राहिल्या. मग मालकांनी कोळशावर चालायचे गॅसप्लँट आणून बसवले. मोटारीच्या पाठीशी एक उभी भट्टी, तीत लाकडी कोळसा, हाताने पंखा फिरवून ती पेटवायची. तिचा गॅस नळीतून गाळणीत जायचा, गाळणीतून इंजिनात. कागदावर सगळं ठीक होतं. पण गाळणीत भरलेला काथ्या दहा-बारा मैलांतच काजळीने गच्च भरे, इंजिनाचा श्वास कोंडे आणि मोटार चढावर उभी राही. मग उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. एक पैलवान तर म्हणाला, "तालमीत जायाचं सोडून दिलंय. हितंच मेहनत हुतीया." प्रवासाला निघताना बायका फिकट रंगाचं लुगडं नेसेनाशा झाल्या. साताऱ्याहून सकाळी निघालेल्या माणसाला सांगलीला त्याचे सख्खे नातेवाईक ओळखत नसत.

मालक सांगलीला राहत. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या गाड्या रस्त्यात उभ्या, लोकांच्या शिव्या रोज कानावर, आणि परवाना जाईल की काय ही धास्ती. अशा मनःस्थितीत ते एका दुपारी न कळवता साताऱ्यात आले. दुर्दैवाने तो शनिवार होता. फाटकाशी येताच गाय हंबरली. आत आले तर पत्रेवाला शेंगदाणे भाजतोय, दादू लोहार घोरतोय, आणि फोरमन भिंतीकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचतायत. मालक तिथं काही बोलले नाहीत. फोरमनना ऑफिसात घेऊन गेले, मलाही बोलावलं.

"हे काय चाललंय?" मालकांनी विचारलं.

"खटपट," फोरमन म्हणाले.

"माझ्या सात गाड्या रस्त्यात उभ्या राहतात आणि तुमच्या इथं शेंगदाणे भाजले जातात. आजपासून हे बंद. स्टोअरला कुलूप लावा. एका महिन्यात गाड्या न थांबता सांगलीला आल्या पाहिजेत. नाही आल्या, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मला हे बोलायला बरं वाटत नाही, पण इलाज नाही."

फोरमननी मान हलवली. मग सुपारी काढली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण तुम्हाला काय वाटतं, त्या गाळणीचं काय करावं?" आणि वाट बघत बसले. मालकांना असं कधी कोणी विचारलं नव्हतं. ते थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिले, उठले, मोटारीत बसले आणि सांगलीला निघून गेले. फोरमन मला म्हणाले, "एवढ्यात उठायला नको होतं. येत होतं काहीतरी त्यांच्या डोक्यात."

कुलूप परत लागलं. खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी बरं वाटलं. चाव्यांचा जुडगा कमरेला लागला की चाल बदलते. तीनचार दिवसांनी बिरू दारात आला. हा माण तालुक्यातला, घरी मेंढरं असलेला, तिशीचा गडी. दुष्काळात मेंढरं गेली म्हणून इकडे आलेला. भट्ट्यांत कोळसा भरायचा आणि गाळण्या धुवायच्या, हे त्याचं काम. वर्षभरात मी त्याच्या तोंडून 'व्हय' आणि 'न्हाई' यांखेरीज तिसरा शब्द ऐकला नव्हता. आज तो तिसरा बोलला. "तारंची जाळी पायजे हुती. हातभर."

"चिठ्ठी आहे?" मी म्हणालो.

"न्हाई."

"मग साहेबांची सही आण."

तो तसाच परत गेला. सही आणायला तो जाणार नाही हे मला तेव्हाही कळत होतं. मी पुढच्या कामाला लागलो.

पुढचा पंधरवडा कारखाना नुसता कष्टत होता. गाळण्या धुवायच्या, बसवायच्या, पुन्हा धुवायच्या. फोरमन रोज प्रत्येकाला विचारत, "काय करावं?" आणि प्रत्येक जण खाली बघे. कुलपासरशी लोकांची तोंडंही मिटली होती. कोणी घरून काही आणेना. मालकांनी दिलेला महिना निम्मा सरला. फोरमनच्या घरून त्यांचा डबा यायचा, तो तसाच परत जाऊ लागला. त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना काकू म्हणत असू, एक दिवस मला रस्त्यात गाठून विचारलं, "हे जेवत नाहीत. कारखान्यात काय झालंय? मला काही सांगत नाहीत." मी म्हणालो, "काही नाही, काम जास्त आहे." त्या म्हणाल्या, "काम जास्त असलं की हे दोन पोळ्या जास्त खातात."

दुसऱ्या दिवशी फोरमन स्टोअरमध्ये आले. खोक्यावर बसले. "पत्रेवाला म्हणत होता, बिरू तुमच्याकडे काही मागायला आला होता. खरं का?"

"हो. जाळी. हातभर."

"कशाला?"

"ते विचारलं नाही."

त्या दिवशी त्यांनी सुपारी काढली नाही. माझ्याकडे बघत नव्हते, बाहेर आवारात उभ्या असलेल्या मोटारींकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा फार दमलेला दिसत होता. ते रागावले असते तर मी नियम दाखवला असता. पण तसं काहीच झालं नाही. थोड्या वेळाने ते उठून गेले. मी जाळीची गुंडाळी काढली, हातभर कापली, मग परत दोन हात कापली आणि कोळशाच्या छपराखाली गेलो. बिरू गाळणी धूत होता. काळा इतका झाला होता, की डोळे तेवढे दिसत होते.

"ही घे जाळी," मी म्हणालो. "कशाला हवी होती?"

त्याने हात पुसले. मी फोरमनचं बघून शिकलो होतो तसा वाट बघत कोळशाच्या पोत्यावर बसलो. धोतर गेलं ते गेलं.

शेवटी तो म्हणाला, "आमच्याकडं उन्हाळ्यात लय वावटळ उठती. मेंढरामागं असलं की धुळीत माणूस गुदमारतंय. तवा आमी तोंडावर घोंगडं घेतो. धूळ भाईर ऱ्हाती आन्‌ वारा आत येतो. मला वाटलं, हितं काथ्याच्या जागी घोंगडं लावावं. जाळीवर ताणून."

मी म्हणालो, "मग हे साहेबांना का नाही सांगितलंस?"

"साहेब इचारत्यात. पर मी कोळसं भरनारा. माझं घोंगडं मोटारीला लावा म्हनलं तर समदी हसतील. म्हनलं, आदी करून बघावं. जाळी मिळाली न्हाई. ऱ्हायलं."

मी त्याला तसाच हाताला धरून फोरमनकडे घेऊन गेलो. फोरमननी सगळं ऐकलं आणि मग विचारलं, "नवं घोंगडं आणवू का?"

"न्हाई सायेब. नव्याला चिंचोक्याची खळ आसती. त्यातनं वारा जात न्हाई. जुनं पायजे. लय वापरल्यालं, धुऊन धुऊन मऊ झाल्यालं." आणि जरा थांबून म्हणाला, "माझं हाय."

ते घोंगडं त्याच्या वडिलांचं होतं, हे मला मागाहून कळलं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. गाळणीची पेटी भट्टीला लागूनच होती. मोटार सुरू होऊन पाव तास झाला नाही तोच लोकर करपली आणि आवारात असा वास सुटला, की शेजारची माणसं कोणाचं काय जळलं बघायला आली. बिरूने करपलेला तुकडा काढला, घडी केली आणि काखेत मारून फाटकाकडे निघाला. फोरमन त्याच्या आधी फाटकात जाऊन उभे होते. "चहा सांगितलाय," ते म्हणाले. "पण आधी कसं फसलं ते सगळ्यांना सांगायचं. नियम आहे."

वीसएक माणसं गोल करून उभी राहिली. बिरू मधे. त्याने एवढ्या माणसांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. फोरमन खोक्यावर बसले आणि वाट पाहू लागले. त्यांच्याकडे बघून बाकीचेही गप्प उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग बिरू खाली मान घालून बोलू लागला. वावटळ, मेंढरं, घोंगडं, काजळी. म्हणाला, "वारा गेला. धूळ ऱ्हायली. पर वारा लय ऊन हुता. मेंढरामागं आसला वारा नसतो." कोणी हसलं नाही. दादू लोहार भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता. तो डोळे न उघडता म्हणाला, "मग वारा गार करून घ्या की रं. पेटी भट्टीपासनं काढा, पार म्होरं न्या. नळी गाडीखालनं लांब फिरवली की वाटंतच गार हुईल." पत्रेवाला लगेच म्हणाला, "नळी माझ्याकडं लागली." आणि बघता बघता सगळे बोलायला लागले. फोरमन उठून बाजूला झाले. मी पाहिलं, ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि या वेळी हातात वर्तमानपत्र नव्हतं.

दुसऱ्या खेपेला घोंगडीचे तीन पदर घातले, इंजिनाला श्वासच घेता येईना. त्याचाही चहा झाला. तिसऱ्या खेपेला एकच पदर, लांब नळी, पेटी पुढे. कराडपर्यंत गाडी गेली आणि आली. पेटी उघडली तर वरची काजळी बिरूने अंगरखा झटकावा तशी झटकून टाकली. खाली लोकर तशीच. पुढच्या आठवड्यात फोरमन, बिरू, मी आणि पाऊण गाडी उतारू असे सांगलीला निघालो. बिरूला त्यांनी ड्रायव्हरशेजारी बसवलं. तो वाटभर एका हाताने पेटी असलेल्या बाजूचा पत्रा धरून बसला होता, आजारी माणसाचा हात धरावा तसा. मधे एकदाच थांबलो, ते कोळसा घालायला.

सांगलीला मालकांच्या दारात मोटार उभी केली. मालक बाहेर आले, इंजिन ऐकलं, पेटी पाहिली. "हे कसं काय जमवलंत?" त्यांनी फोरमनना विचारलं.

"मला त्यातलं काही ठाऊक नाही," फोरमन म्हणाले. "यांना विचारा."

मालकांनी बिरूकडे पाहिलं. कोळसा भरणाऱ्या माणसाशी बोलायची त्यांच्यावर पहिलीच वेळ असावी. बिरूने सांगितलं. सगळं सांगितलं, करपलेल्या वासासकट. दादूचं नाव घेतलं, पत्रेवाल्याचं घेतलं, आणि माझी सुटका होईल असं वाटत असतानाच म्हणाला, "आन्‌ ह्यांनी जाळी दिली." आधी काय झालं होतं ते तो बोलला नाही. मी मालकांच्या अंगणातल्या फरशीकडे बघत राहिलो. मालक म्हणाले, "उद्याच शंभर नवी घोंगडी मागवतो." बिरू नम्रपणे म्हणाला, "नवी न्हाई चालायची, मालक. गावागावातनं जुनी घ्या आन्‌ त्येंला नवी द्या." मालक हसले. ती गोष्ट त्यांनी केली, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

परतताना मी फोरमनना विचारलं, "हेही तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का?" ते म्हणाले, "छे हो. घोंगडी मला सात जन्मांत सुचली नसती. आम्ही वाईचे. आमच्याकडे धूळ आली तर आम्ही घरात जातो."

शनिवारचं काय, असं मालकांना कोणी विचारलं नाही आणि मालकांनीही काही सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी फोरमननी आपली फाटकापासून फेरी मारली. कुलूप मी त्याआधीच काढलं होतं. या वेळी कोणाला सांगावं लागलं नाही. गाड्या लढाई संपेपर्यंत चालल्या. लोकरीचा वास थोडा यायचा, आणि माण तालुक्याकडची माणसं मोटारीत बसली की घरी आल्यासारखी वागत, अशी ड्रायव्हर तक्रार करी. तेवढंच.

मग पेट्रोल आलं, भट्ट्या उतरल्या, आणि फोरमन वय झालं म्हणून वाईला गेले. निरोपाला त्यांना भाषण करायला लावलं, तर त्यांना दोन वाक्यांपुढे बोलता येईना. पुढे सर्व्हिसच मोडली, मोटारी सरकारकडे गेल्या. मला मोठ्या कचेरीत टेबल मिळालं. बिरूने साठवलेल्या पैशांत चार मेंढरं घेतली आणि गावी परतला. मी एकदाच वाईला जाऊन आलो. फोरमनची नजर अधू झाली होती. गल्लीतले लोक बंद पडलेली घड्याळं आणून देत आणि ते ती बोटांनी चाचपून नीट करत. मला पोचवायला ते स्टँडपर्यंत आले. मला त्यांना काही सांगायचं होतं. साताऱ्यातली ती वर्षं, तसं काहीतरी. पण मोटार सुटायची वेळ झाली आणि मी नुसताच नमस्कार केला. गाडी वळणावर आली तेव्हा मागे पाहिलं. ते भिंतीच्या सावलीतून, एक हात भिंतीला लावत, सावकाश घरी चालले होते.

त्याच पावसाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. माझ्या कचेरीत ही बातमी सांगावी असं कोणी नव्हतं. मी बिरूला पत्र टाकलं. महिन्याभराने उत्तर आलं, गावच्या शाळामास्तरांच्या हातचं. अक्षर वळणदार, भाषा पुस्तकी: आपले पत्र पोहोचले, वृत्त ऐकून अत्यंत दुःख झाले, वगैरे. शेवटी मात्र मास्तरांनी बिरू बोलला तसंच उतरवून घेतलं होतं. "साहेबांम्होरं त्या दिशी बोललो. मग घरात बी बोलाया लागलो. बायकू म्हनायची, आदी कुटं हुतासा."

कचेरी सुटायला अजून वेळ होता. मी ते पत्र पुन्हा एकदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि कामाला लागलो.